कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे लोकस्मरण : कोल्हापूर परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

इ. स. १९२६ च्या फेब्रुवारी महिन्यात डॉ. कार्टर वुडसन या अमेरिकन इतिहासकाराने ‘नीग्रो इतिहास सप्ताह’ सुरू केला. वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मले होते. स्वतः वुडसन यांनी तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम करीत शिक्षण घेतले आणि १९१२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पीएच.डी. संपादन केली. अमेरिकेच्या शालेय पुस्तकांत कृष्णवर्णीयांना स्थान नाही आणि जेथे आहे तेथे ते केवळ ओझी वाहणारे म्हणून आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी १९१५ मध्ये या इतिहासाच्या अभ्यासासाठी एक संस्था व १९१६ मध्ये एक संशोधन नियतकालिक सुरू केले. परंतु केवळ विद्वानांपुरता इतिहास समाजात उतरत नाही, म्हणून दहा वर्षांनी त्यांनी सप्ताहाची योजना केली.

या योजनेतील एक गोष्ट विशेष विचारात घेण्याजोगी आहे. वुडसन यांनी आठवडा निवडला तो फेब्रुवारीचा दुसरा. अब्राहम लिंकन यांची १२ फेब्रुवारीची व गुलामगिरीतून निसटून मुक्तिलढ्याचे नेते झालेल्या फ्रेडरिक डग्लस यांची १४ फेब्रुवारीची जयंती कृष्णवर्णीय समाज आधीपासूनच साजरी करीत होता. अर्थात वुडसन यांनी नवा उत्सव निर्माण केला नाही. जो उत्सव लोकांत रुजलेला होता त्याला त्यांनी अभ्यासाची जोड दिली. शिक्षकांसाठी साहित्य तयार केले, शाळांना पुरविले. पुढे १९७० मध्ये ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात सप्ताहाचा महिना झाला, १९७६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यास मान्यता दिली आणि १९८७ पासून ब्रिटनमध्येही ऑक्टोबर महिन्यात तो पाळला जाऊ लागला.

इ. स. २०२६ मध्ये या उपक्रमाला शंभर वर्षे पूर्ण होतात. योगायोगाने त्याच वर्षी दख्खनच्या इतिहासातील सर्वांत कर्तबगार आफ्रिकी पुरुष मलिक अंबर याच्या निधनालाही चारशे वर्षे पूर्ण होतात. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध आहे, असे महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकालाही सहसा जाणवत नाही. कृष्णवर्णीयांचा इतिहास म्हणजे अमेरिकेचा इतिहास, आणि सिद्दी म्हणजे शिवचरित्रातील एक शत्रू, अशी दोन वेगळी दालने आपल्या मनात तयार झालेली आहेत. प्रस्तुत निबंधात ही दोन दालने जोडण्याचा आणि कोल्हापूरसारख्या नगरीत या इतिहासाचे स्मरण व अध्ययन कोणत्या मार्गांनी करता येईल, याचा विचार केला आहे.

निबंधाची उद्दिष्टे :

१) कोल्हापूर परिसर व महाराष्ट्र यांतील आफ्रिकी वंशीयांच्या इतिहासाचा थोडक्यात परामर्श घेणे.
२) महाराष्ट्रातील सामाजिक चळवळींनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी जोडलेले नाते स्पष्ट करणे.
३) कोल्हापुरातील स्मरणाच्या रूढ परंपरांच्या आधारे अध्ययनाचे व्यवहार्य मार्ग सुचविणे.

पन्हाळ्याचा वेढा आणि ‘सिद्दी’ ही प्रतिमा :

कोल्हापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्याची ‘सिद्दी’ या शब्दाशी पहिली ओळख होते ती पन्हाळ्याच्या वेढ्याच्या पाठात. मार्च १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि आदिलशहाचा सरदार सिद्दी जौहर याने गडास वेढा दिला. भर पावसातही वेढा ढिला पडला नाही. अखेर जुलै महिन्यातील एका रात्री महाराज गडावरून निसटून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद यांचे बलिदान आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे व बांदल मावळ्यांनी दिलेली झुंज या घटना महाराष्ट्राच्या हृदयात कोरल्या गेल्या आहेत. घोडखिंड पावनखिंड झाली. आज दरवर्षी जुलैमध्ये हजारो तरुण पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पावसातून, चिखलातून पायी तुडवितात.

हे स्मरण सर्वथैव उचित आहे. प्रश्न एवढाच की, या कथेतील सिद्दी जौहर हा कोण होता, कोठून आला होता, आफ्रिकेतील माणूस विजापूरच्या दरबारात सेनापतीपदापर्यंत कसा पोहोचला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याहून महत्त्वाची दुसरी बाब अशी की, याच वेढ्यात सिद्दी दोन्ही बाजूंना होते. वेढा बाहेरून फोडण्यासाठी नेतोजी पालकर यांच्यासमवेत जी फौज चालून गेली तीत सिद्दी हिलाल हा स्वराज्याचा सरदार होता. त्या लढाईत त्याचा तरुण पुत्र वाहवाह जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. महाराजांसाठी लढताना पुत्र गमावण्याची वेळ आलेला हा पिता ज्या गडाच्या परिसरात लढला, तेथे त्याचे नाव मात्र क्वचितच उच्चारले जाते. अफझलखानाच्या भेटीच्या वेळी महाराजांनी निवडलेल्या मोजक्या अंगरक्षकांतही सिद्दी इब्राहिम याचा समावेश होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. सतराव्या शतकातील दख्खनमध्ये ‘सिद्दी’ ही कोणा एका पक्षाची ओळख नव्हती. आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि स्वराज्य या सर्व ठिकाणी आफ्रिकी वंशाचे योद्धे होते. सिद्दी जौहर वेढा घालून बसला तो आदिलशहाचा सरदार म्हणून. आणि सिद्दी हिलाल त्याच्यावर चालून गेला तो स्वराज्याचा सरदार म्हणून. वर्ण वा धर्म हे त्या संघर्षाचे सूत्र नव्हते. परंतु कथेतून एक सिद्दी ठेवला आणि दुसरा वगळला की सूत्र आपोआप बदलते.

हा बदल निरुपद्रवी नाही. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडावरील अतिक्रमणाच्या प्रश्नावरून झालेल्या आंदोलनाच्या वेळी गडाच्या वाटेवरील गजापूर येथे घरांची व प्रार्थनास्थळाची मोडतोड झाली. पावनखिंडीच्या स्मरणाचेच ते दिवस होते. या घटनेची कारणे अनेक व गुंतागुंतीची आहेत आणि ती केवळ इतिहासाच्या पाठात शोधता येणार नाहीत. तथापि ज्या वाटेवर तरुण इतिहास शिकण्यासाठी चालतात, त्या वाटेवर त्यांना कोणता इतिहास सांगितला जातो, ही बाब आता केवळ विद्याक्षेत्रापुरती उरलेली नाही, याची जाणीव इतिहासाच्या अध्यापकांस ठेवावी लागेल.

हबशी, सिद्दी आणि मलिक अंबर :

‘हबशी’ हा शब्द ‘हबश’ म्हणजे अबिसीनिया, आजचा इथिओपिया व त्याच्या भोवतालचा प्रदेश, यावरून आला. ‘सिद्दी’ हा शब्द अरबी ‘सय्यिदी’ म्हणजे ‘माझे स्वामी’ या आदरार्थी संबोधनाशी जोडला जातो. विक्रीस आलेल्या माणसांच्या वंशजांना एका आदरार्थी शब्दाने ओळखले जावे आणि कालांतराने बोलीभाषेत ‘हबशी’ हा शब्द सावळ्या मुलाला चिडविण्यासाठी वापरला जावा, या दोन टोकांमध्ये आपल्या समाजाचा बराचसा इतिहास सामावला आहे.

मलिक अंबर याचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात विकला जात बगदादपर्यंत पोहोचला. तेथे त्याला शिक्षण व नवे नाव मिळाले. पुढे निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान हा स्वतःही हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला, शिपाईगिरी करीत त्याने स्वतःची फौज उभारली आणि इ. स. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवून राज्याचा कारभार हाती घेतला. त्यानंतर सुमारे पाव शतक त्याने मोगलांना दख्खनमध्ये स्थिर होऊ दिले नाही. मराठा स्वारांच्या चपळ तुकड्यांचा त्याने केलेला उपयोग, रसद तोडण्याचे व अडचणीच्या मुलखात शत्रूला खेचण्याचे त्याचे डावपेच यांचा मराठ्यांच्या पुढील युद्धतंत्राशी असलेला संबंध इतिहासकारांनी मान्य केला आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले व त्यांचे बंधू शरीफजी त्या लढाईत धारातीर्थी पडले. अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसविलेले नगर पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. तेथील नहर म्हणजे भूमिगत जलवाहिन्यांची योजना आणि जमीनमहसुलाची त्याने लावलेली व्यवस्था या त्याच्या मुलकी कर्तृत्वाच्या खुणा होत. खुलताबाद येथे त्याची कबर आहे.

अंबरच्या वर्णाचा उल्लेख त्याच्या शत्रूंनी कसा केला, हेही अभ्यासण्याजोगे आहे. जहांगीर बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या काळ्या रंगावरून त्याला हिणविले आहे. दरबारी चित्रकार अबुल हसन याने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात जहांगीर अंबरच्या छिन्न मस्तकावर बाण मारीत असल्याचे दाखविले आहे. प्रत्यक्षात हे कधीच घडले नाही. अंबर वृद्धापकाळी नैसर्गिक मृत्यूने गेला. रणांगणावर जे साधले नाही ते चित्रात साधून घेतले गेले. असे असले तरी त्याच्या निधनानंतर मोगल बखरकार मुतमदखान यानेच त्याच्या सेनापतित्वाची व राज्यकारभाराची प्रशंसा केली. वर्णाची हेटाळणी आणि कर्तृत्वाची कबुली या दोन्हींचे पुरावे एकाच दरबारातून मिळतात.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी अथवा विजापूरचे हबशी सरदार यांचे स्मरण करताना त्यांची केवळ गौरवगाथा रचणे हे इतिहासाला धरून होणार नाही. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या स्वाऱ्यांनी कोकणातील रयतेला सोसावे लागलेले हाल हाही इतिहासच आहे. शिवाय जे सत्तेपर्यंत पोहोचले ते मूठभर होते. ज्यांना घरगुती चाकरीत, गलबतांवर आणि बंदरांत राबविले गेले, त्या असंख्य आफ्रिकी स्त्री-पुरुषांची नावेही उरली नाहीत. पोर्तुगीजांच्या गोव्यात मोझांबिककडील माणसांची खरेदीविक्री शतकानुशतके चालली. सह्याद्रीच्या पलीकडील जंगलांत आज आढळणाऱ्या सिद्दी वस्त्यांचे मूळ तेथून पळालेल्या गुलामांत शोधले जाते. अंबरचे चरित्र सांगताना या अनामिकांचा विसर पडता कामा नये.

इ. स. १८७३ : पुणे, नाशिक आणि आफ्रिका :

एकोणिसाव्या शतकात हा इतिहास एका वेगळ्या वळणावर येतो. १८४३ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामगिरीला असलेले कायद्याचे संरक्षण संपले. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामांच्या गलबतांतून सोडविलेली आफ्रिकी मुले मुंबईस आणली जात. त्यांतील अनेकांना नाशिकजवळील शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ठेवून शिक्षण व कारागिरी शिकविली गेली. आफ्रिकेच्या इतिहासात ही मुले ‘नासिक बॉईज’ या नावाने ओळखली जातात. गोदावरीकाठच्या गावाचे नाव अशा रीतीने पूर्व आफ्रिकेच्या इतिहासात गेले आहे. प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मे १८७३ च्या प्रारंभी मध्य आफ्रिकेत मरण पावला, तेव्हा त्याच्यासोबत शरणपूरला शिकलेले तरुण होते. त्यांपैकी जेकब वेनराइट हा शवपेटीबरोबर थेट लंडनपर्यंत गेला आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीस उपस्थित राहिला. पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी ‘फ्रीअरटाउन’ ही वसाहत झाली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे नाव तिला दिले गेले. नाशिकहून परतलेली अनेक माणसे तेथे शिक्षक व कारागीर म्हणून स्थिरावली.

याच १८७३ च्या जूनमध्ये झांझिबारच्या सुलतानाने तेथील गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. आणि याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेत कृष्णवर्णीय गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांस जोतीरावांनी हा ग्रंथ अर्पण केला. अमेरिकन राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द होऊन तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. मराठी ग्रंथकाराने सातासमुद्रापलीकडच्या मुक्तिलढ्याचा असा जाहीर सन्मान करणे ही असाधारण घटना होती. जोतीरावांच्या दृष्टीने तो लढा परका नव्हता. शूद्रातिशूद्रांची अवस्था जगाला कळावी यासाठी त्यांना तोच शब्द योग्य वाटला. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली.

कोल्हापूरचा या परंपरेशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पाठिंब्याने १९११ मध्ये करवीरात सत्यशोधक समाज उभा राहिला. त्याआधी २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. १९१८ ते १९२० या काळात महार वतने रद्द करणारे व वेठबिगारीस आळा घालणारे हुकूम निघाले. माणसाला पिढीजात बिनमोल राबविण्याच्या व्यवस्थेवर हा घाव होता. या दृष्टीने पाहता ‘गुलामगिरी’त मांडलेल्या प्रश्नाला करवीर दरबारात कायद्याचे उत्तर मिळाले, असे म्हणता येईल. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे भरलेल्या परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाचा जाहीर पुरस्कार केला. तत्पूर्वी १९१३ ते १९१६ या काळात डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती त्या विद्यापीठाच्या लगतच आहे.

डॉ. आंबेडकर ते दलित पँथर :

१९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे सादर केलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. अस्पृश्यांच्या वतीने तसाच मार्ग अनुसरण्याचा विचार त्यांच्या मनात होता. डु बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैअखेर उत्तर पाठवून सहानुभूती कळविली. दोन समाजांच्या नेत्यांतील हा पत्रव्यवहार छोटा असला तरी त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. मात्र डॉ. आंबेडकरांनी गुलामगिरी व अस्पृश्यता यांना एकरूप मानले नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. गुलामगिरी ही उघड असते आणि ती संपविता येते, अस्पृश्यता ही त्याहून अधिक खोल रुजलेली असते, अशी त्यांची भूमिका होती. तुलना ही दोहोंतील भेद पुसण्यासाठी नसून दोहोंचे स्वरूप अधिक नेमके कळावे यासाठी असते, हा धडा त्यातून मिळतो.

१९६० च्या दशकात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात या नात्याला वाङ्मयीन रूप आले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले डॉ. म. ना. वानखडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे दलित लेखकांचे लक्ष वेधले. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ या ग्रंथाने मराठी वाचकाला या विषयाची साधार ओळख करून दिली. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले प्रभृती तरुणांनी ‘दलित पँथर’ स्थापन केली, तेव्हा तिचे नावच १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्युई न्यूटन व बॉबी सील यांनी स्थापन केलेल्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेतलेले होते. फुले यांच्या अर्पणपत्रिकेपासून पँथरच्या नावापर्यंतचा हा शंभर वर्षांचा धागा सलग आहे. मराठी समाजाने कृष्णवर्णीयांचा इतिहास बाहेरून आणण्याची गरज नाही. तो आपल्या वैचारिक घडणीतच आहे.

शेजारचे सिद्दी :

या सर्व विवेचनात एक धोका संभवतो. अंबर, डग्लस, डु बॉइस यांची नावे घेत असताना शेजारी राहणारा सिद्दी समाज नजरेआड होऊ शकतो. कोल्हापूरहून बेळगाव, खानापूर ओलांडून पुढे गेले की हल्याळ, यल्लापूर, अंकोला या उत्तर कन्नड जिल्ह्यातील तालुक्यांत सिद्दींची गावे लागतात. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत आणि त्यांच्या बोलीत कोकणी, मराठी व कन्नड यांची सरमिसळ आहे. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून तेथील स्त्रिया ज्या रंगीत गोधड्या शिवतात त्यांना ‘कवंद’ म्हणतात. उत्तर कन्नडमधील सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ मध्ये. २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेचे सदस्य झाले. या समाजातून विधिमंडळात पोहोचलेले ते पहिले होत. गुजरातमधील सिद्दी स्त्रियांच्या संघटनासाठी झटलेल्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री पुरस्कार प्रदान झाला. म्हणजे हा इतिहास चालू आहे. तो ज्यांचा आहे ती माणसे आपल्याला समजेल अशा भाषेत बोलतात.

स्मरणाचे व अध्ययनाचे मार्ग :

कोल्हापूर हे स्मरण जाणणारे शहर आहे. २६ जून ही शाहू जयंती येथे केवळ शासकीय ‘सामाजिक न्याय दिन’ नसून लोकांचा सण आहे. ६ मे २०२२ रोजी महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त हे शहर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभे राहिले होते. तालीम मंडळे, शाहिरी, व्याख्यानमाला व १८५० पासूनचे करवीर नगर वाचन मंदिर ही येथील लोकशिक्षणाची सिद्ध साधने आहेत. वुडसन यांच्याप्रमाणेच, जे रुजलेले आहे त्याला अभ्यासाची जोड देणे हा मार्ग येथे अधिक फलदायी ठरेल. त्या दृष्टीने पुढील दिशा सुचविता येतील.

१) पन्हाळा-पावनखिंड मोहीम : मोहिमेच्या आधी महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी सहभागी तरुणांसाठी एक तासाचा पाठ द्यावा. त्यात बाजीप्रभू व शिवा काशीद यांच्याबरोबर सिद्दी हिलाल व वाहवाह यांचाही वृत्तान्त असावा आणि सिद्दी जौहर कोण होता याचे उत्तर असावे. यामुळे कोणाही वीराचा गौरव उणा होत नाही. उलट स्वराज्य कोणाकोणाच्या रक्तावर उभे राहिले, याचे चित्र पूर्ण होते.

२) शाहू जयंती सप्ताह : या सप्ताहातील व्याख्यानांत एक दिवस ‘गुलामगिरी’ ग्रंथाच्या सामूहिक वाचनास द्यावा. अर्पणपत्रिकेपासून वाचन सुरू करून अमेरिकेतील मुक्तिलढा, वेठबिगारी व महार वतने यांच्यापर्यंत चर्चा नेता येईल.

३) शाहिरी व कला : सत्यशोधक विचार खेडोपाडी पोहोचविणारे शाहीर लहरी हैदर आणि शाहीर पिराजीराव सरनाईक यांच्या या भूमीत मलिक अंबरवर पोवाडा होऊ नये असे नाही. विद्यार्थ्यांच्या युवा महोत्सवांसाठी हा विषय अत्यंत अनुकूल आहे.

४) ग्रंथालये : महाविद्यालयीन ग्रंथालयांत मराठीतील यासंबंधीचे ग्रंथ बहुधा तीन वेगवेगळ्या कपाटांत विखुरलेले असतात. मध्ययुगीन इतिहास, दलित साहित्य व परकीय साहित्य ही ती कपाटे होत. त्यांचे एकत्र प्रदर्शन मांडणे हाच एक विचार ठरेल.

५) भेट व संवाद : सिद्दी समाजातील शिक्षक, कलावंत, कारागीर स्त्रिया व लोकप्रतिनिधी यांना व्याख्याते म्हणून निमंत्रण द्यावे. त्यांचे नृत्य पाहून टाळ्या वाजविण्यापुरता हा संबंध मर्यादित राहू नये. त्यांना वक्त्याचे मानधन मिळावे, त्यांनी सांगितलेला इतिहास त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित व्हावा आणि त्याची प्रत त्यांच्याच गावी राहावी.

६) भाषा व वर्तन : कोल्हापूर फुटबॉलवेडे आहे. अलीकडच्या काळात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांतून आफ्रिकी खेळाडूही उतरले आहेत. मैदानावर त्यांना कोणत्या नावाने हाक मारली जाते, वर्गात सावळ्या मुलीला कोणत्या शब्दाने चिडविले जाते, विवाहाच्या जाहिरातीत ‘गोरी’ हा शब्द कशासाठी येतो, या प्रश्नांपर्यंत चर्चा न पोहोचल्यास स्मरणाचा उपक्रम कोरडा राहील. इतिहासाचा अभ्यास जिभेवर दिसला पाहिजे.

या उपक्रमांवर एक आक्षेप संभवतो. वर्णाची आधुनिक जाणीव सतराव्या शतकावर लादणे हा कालविपर्यास आहे, असे म्हटले जाईल. आक्षेपात तथ्य आहे. मलिक अंबर स्वतःला ‘कृष्णवर्णीयांचा प्रतिनिधी’ मानीत नव्हता आणि सिद्दी हिलालला अमेरिका ठाऊक नव्हती. म्हणूनच त्यांना एका माळेत ओवण्याऐवजी प्रत्येकाला त्याच्या काळात ठेवून शिकविणे आवश्यक आहे. परंतु त्यांना त्यांच्या काळात ठेवावयाचे तर आधी त्यांचे नाव घ्यावे लागते. आजवरची उणीव अति अर्थ लावण्याची नसून मौनाची आहे.

समारोप :

उपर्युक्त विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. कृष्णवर्णीयांचा इतिहास हा महाराष्ट्राच्या राजकीय, सामाजिक व वाङ्मयीन इतिहासाचा अंगभूत भाग आहे. पन्हाळा, भातवडी, खडकी, शरणपूर व माणगाव ही त्याची स्थळे आहेत. त्याचे स्मरण गौरवापुरते मर्यादित न ठेवता गुलामीचा, सत्तेचा व हेटाळणीचा एकत्र अभ्यास म्हणून झाले पाहिजे. त्यासाठी नव्या उत्सवाची आवश्यकता नाही. कोल्हापुरातील प्रचलित स्मरणपरंपरा त्यास पुरेशा आहेत.

सप्ताह कधीतरी अनावश्यक ठरावा, वर्षभराच्या अध्यापनात तो विरून जावा, अशी वुडसन यांची अपेक्षा होती. शंभर वर्षांनंतरही अमेरिकेत ती पूर्ण झालेली नाही. कोल्हापुरात सुरुवात लहान असू शकते. येत्या जुलैत पन्हाळ्याचा पाठ शिकविणाऱ्या अध्यापकाने सिद्दी जौहरच्या नावापाठोपाठ सिद्दी हिलालचे नाव फळ्यावर लिहावे. दोन्ही नावे शेजारी शेजारी आली की प्रश्न विद्यार्थीच विचारतील.